मत्स्यपेटीतील भांडखोर मासे

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे वणी-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. तेथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. या भागातील ओढ्यानाल्यांचे पाणी वर्धा नदीत जाते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे मारेगावात पडलेल्या पावसाचे नाते जुळते ते बंगालच्या उपसागराशी, आणि तेही शेकडो किलोमीटरच्या प्रवासानंतर. अशा ठिकाणी घरात समुद्रातील मासे पाळण्याचा विचार पूर्वी कोणाच्या मनात आला नसता. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. विदर्भातून मुंबईला गेलेल्या अनेकांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच. आता मात्र समुद्री क्षारांची पाकिटे, पंप, दिवे आणि खुद्द मासेही मोठ्या शहरांतून मागवता येतात.

समजा, मारेगावातील एखाद्या हौशी गृहस्थाने अशी टाकी घरी बसवली. खारे पाणी तयार केले, काही दगड रचले, निळे डॅमसेल मासे आणले, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन क्लाउनफिश आणले. महिन्याभरात त्यांच्या तक्रारी साधारण अशा असतील. एक : बोटभर लांबीचा एक निळा मासा बाकीच्या सर्वांना पळवतो. दोन : तीन क्लाउनफिशपैकी दोघांची जोडी जमली आणि तिसऱ्याला त्यांनी छळून मारले. तीन : एक मासा संध्याकाळी काचेवरच धडका देत राहतो. चार : मध्यंतरी सगळे मासे आपोआप शांत झाले, भांडणे थांबली, आणि दुसऱ्या दिवशी दोघे मेले.

जगभरात समुद्री मासे पाळणाऱ्यांच्या तक्रारी याच असतात. या चारही घटनांना आपण सहज ‘माशाचा त्रासदायक स्वभाव’ म्हणून मोकळे होतो. परंतु या चार घटनांची कारणे चार वेगवेगळी आहेत, आणि त्यांपैकी एकीचा तर स्वभावाशी काहीही संबंध नाही. ती कारणे समजून घेतली तर वर्तनशास्त्राचा एक चांगला धडा शिकता येतो. शिवाय अशी टाकी आपल्या शाळेत बसवावी की नाही, या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच मिळते.

हद्द राखणारा मासा

पहिली तक्रार डॅमसेल माशाची. प्रवाळ खडकांवर राहणाऱ्या या लहान माशांच्या अनेक जाती स्वतःची एक हद्द ठरवून घेतात. ही हद्द बहुधा एखाद्या चौरस मीटरच्या आसपास असते. त्यात लपायला एक कपार असते, अंडी घालायला जागा असते आणि खायला शेवाळ असते. काही जातींचे डॅमसेल तर या शेवाळाची अक्षरशः शेती करतात. जपानचे संशोधक हिरोकी हाता आणि माकोतो काटो यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की एका जातीचा डॅमसेल आपल्या हद्दीत एकाच प्रकारचे लाल शेवाळ वाढवतो आणि इतर शेवाळे तोंडाने उपटून हद्दीबाहेर टाकतो. ही निंदणीच झाली. आपल्याकडे ज्वारी किंवा हरभरा उभा असला की रानडुकरे आणि रोही येऊ नयेत म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातो. डॅमसेलही दिवसभर जागलीवरच असतो. त्याचे शेवाळ खाऊ शकेल असा कोणताही मासा, मग तो त्याच्याहून कितीतरी मोठा का असेना, दिसला की तो त्याच्यावर धावून जातो.

आता समुद्रात यापुढे काय होते ते पाहू. आलेला मासा दोन मीटर पळतो आणि हद्द संपते. डॅमसेल मागे फिरतो. कोणी जखमी होत नाही. पाठलागाचा हेतू दुसऱ्याला मारणे हा नसून त्याला दूर करणे हा असतो, आणि तो काही सेकंदांत साध्य होतो.

टाकीत हेच कसे घडेल? ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशी नेहमीची घरगुती टाकी घ्या. तिच्यात काठोकाठ भरले तर ५४ लिटर पाणी मावते. तिच्या तळाचे क्षेत्रफळ भरते ०.१८ चौरस मीटर. म्हणजे संपूर्ण टाकीच डॅमसेलच्या एका हद्दीपेक्षा कितीतरी लहान आहे. त्याच्या दृष्टीने टाकीतला प्रत्येक मासा कायम त्याच्या शेतात उभा आहे. दुसऱ्या माशाला पळून जायला हद्दीबाहेरची जागाच नाही. पाठलाग थांबण्यासाठी जी खूण हवी, म्हणजे ‘परका दूर गेला’ ही, ती कधीच मिळत नाही. म्हणून जे वर्तन समुद्रात दोन सेकंद चालते ते टाकीत दोन दिवस चालते. त्याचा शेवट फाटलेले पर, उपासमार आणि मृत्यू यात होतो.

येथे आणखी एक नियम काम करतो. हद्दीच्या भांडणात बहुतेक वेळा आधीपासून राहणारा जिंकतो आणि नव्याने आलेला हरतो. आकारात थोडा फरक असला तरी हा नियम टिकतो. म्हणून अनुभवी लोक भांडखोर मासा टाकीत सर्वांत शेवटी सोडतात. नवा मासा सोडताना ते दगडांची मांडणीही बदलतात. मांडणी बदलली की जुन्या माशाच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात आणि काही काळापुरते सगळेच नवखे ठरतात.

सगळेच एकमेकांशी का भांडत नाहीत?

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी प्रवाळातील माशांचे निरीक्षण समुद्रात आणि आपल्या टाक्यांत केले होते. प्राण्यांच्या आक्रमकतेवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवातच या माशांपासून होते. त्यांना असे दिसले, की भडक रंगाचे मासे सर्वांत त्वेषाने हल्ला करतात तो आपल्याच जातीच्या माशावर. याचे त्यांनी दिलेले कारण सोपे आहे. आपल्याच जातीच्या माशाला तेच अन्न, तीच कपार आणि तोच जोडीदार हवा असतो. परस्परांना पिटाळून लावल्यामुळे एका जातीचे मासे खडकावर विखुरले जातात आणि प्रत्येकाला पुरेसे मिळते. वर्तनशास्त्रातील कार्याबद्दल लोरेन्झ यांना निको टिनबर्गेन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लोरेन्झ यांच्या या नियमात पुढे सुधारणा करावी लागली. शेती करणारा डॅमसेल केवळ आपल्या जातीवर नाही, तर शेवाळ खाणाऱ्या प्रत्येक जातीवर धावतो. इतर काही माशांकडे मात्र तो दुर्लक्ष करतो. म्हणजे खरा प्रश्न ‘जात कोणती?’ हा नसून ‘माझ्या वाट्यातले कोण घेईल?’ हा आहे. जात एकच असेल तर वाटाही बहुधा एकच असतो, म्हणून लोरेन्झ यांचे निरीक्षण बरोबर ठरते. विज्ञानात जुना नियम पुष्कळदा असाच नव्या, अधिक व्यापक नियमात सामावला जातो. विद्यार्थ्यांना हे उदाहरण सांगण्याजोगे आहे.

हद्द राखायला शक्ती खर्च होते. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ जेराम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मांडले, की हद्द राखणे परवडते तेव्हाच प्राणी ती राखतात. अन्न फार विरळ असेल किंवा घुसखोर फार असतील तर तो खर्च निघत नाही. मत्स्यशेतीतील तिलापियाच्या दाट भरलेल्या टाक्यांत हेच दिसते : मासे मोजके असताना एखादा दांडगा नर सर्वांना पिटाळतो, मासे पुष्कळ झाले की तो नाद सोडतो. मग समुद्री टाकीतही गर्दी करून भांडणे थांबवावीत काय? तसे करता येत नाही, कारण गर्दी वाढली की पाणी बिघडते. त्याकडे आपण चौथ्या तक्रारीच्या वेळी येऊ.

तिसरा क्लाउनफिश का मेला?

क्लाउनफिश समुद्रफुलाच्या विषारी स्पर्शकांमध्ये सुरक्षित राहतो. एका समुद्रफुलात एक लहानसे ‘कुटुंब’ असते. पण त्यातले मासे बहुधा एकमेकांचे नातलग नसतात. अंड्यातून निघालेली पिल्ले काही दिवस समुद्राच्या प्रवाहात तरंगतात आणि मग जे समुद्रफूल सापडेल तेथे वस्तीला येतात. गटात सर्वांत मोठी असते ती मादी. आकाराने दुसरा असतो तो नर. बाकीचे लहान मासे प्रजननात भाग घेत नाहीत. ते रांगेत थांबलेले असतात. मादी मेली तर नर काही काळात मादी बनतो, आणि रांगेतला पहिला मासा वाढून नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे लिंगबदलाचे वर्तन मांडले. ‘फाइंडिंग नेमो’ या २००३ सालच्या चित्रपटात आई गेल्यावर बाप पिल्लाला वाढवतो. प्रत्यक्षात तो बाप पुढे मादी झाला असता!

पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात केलेले काम याच्याही पुढचे आहे. २००३ मध्ये त्यांनी दाखवले, की गटातील प्रत्येक मासा त्याच्या वरच्या माशाच्या साधारण ८० टक्के आकाराचा असतो. हे प्रमाण योगायोगाने येत नाही. खालचा मासा आपली वाढ आवरून धरतो. तो वरच्याच्या फार जवळ पोहोचला तर वरचा त्याला प्रतिस्पर्धी समजून हाकलतो. समुद्रफुलाबाहेर हाकलला गेलेला क्लाउनफिश फार वेळ जगत नाही. कोणीतरी त्याला खाऊन टाकते. म्हणून लहान राहणे हीच त्याची सुरक्षितता. नोकरीतल्या ज्येष्ठतायादीप्रमाणे जागा रिकामी होईपर्यंत थांबायचे, असा हा हिशेब आहे.

आता टाकीतल्या तीन माशांकडे पाहा. दुकानातून आणताना आपण सारख्या आकाराचे तीन निवडतो, कारण ते शोभून दिसतात. पण सारखा आकार म्हणजे त्यांच्या भाषेत न सुटलेला वाद. तिघांपैकी जो वरचढ ठरतो तो मादी होतो, दुसरा नर राहतो. तिसरा आकाराने त्यांच्या फार जवळ असल्यामुळे दोघेही त्याला बाहेर काढू पाहतात. पण टाकीला ‘बाहेर’ नाही. तिसऱ्या माशाचा मृत्यू हा क्रौर्याचा भाग नसून, सुटकेची वाट बंद केलेल्या एका सामाजिक नियमाचा परिणाम आहे. टाकी लहान असेल तर क्लाउनफिश दोनच ठेवावेत, आणि तेही एक मोठा व एक लहान असे, हा सल्ला बस्टन यांच्या निष्कर्षांशी नेमका जुळतो.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारा ‘सफाई करणारा’ रास मासा एक नर आणि अनेक माद्या अशा गटात राहतो. डी. आर. रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की गटातून नर काढून घेतला तर सर्वांत वरची मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि नंतर तिचे शरीरही नराचे होते. येथे वागणूक आधी बदलते आणि शरीर मागून. ‘वरच्याचा दरारा’ एवढीच गोष्ट खालच्या माशाचे लिंग रोखून धरत होती.

काचेतला शत्रू

तिसरी तक्रार काचेवर धडका देणाऱ्या माशाची. हा प्रश्न निम्मा जीवशास्त्राचा आणि निम्मा भौतिकशास्त्राचा आहे. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला की काचेच्या आतील बाजूला प्रतिबिंब स्पष्ट दिसते. रात्री रेल्वेच्या डब्यात बसल्यावर खिडकीत आपलाच चेहरा दिसतो, तसेच हे. परंतु दिवसाही टाकीची काच माशाला आरसा वाटते, आणि त्याचे कारण पूर्ण आंतरिक परावर्तन हे आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरला तर पाणी आणि हवा यांच्यासाठी क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश येतो. मध्ये काचेचा समांतर थर असला तरी हा कोन बदलत नाही. म्हणजे मासा काचेकडे सरळ पाहतो तेव्हा त्याला खोली दिसते. पण काचेवरील लंबाशी ४९ अंशांपेक्षा मोठा कोन करून तिरका पाहतो, तेव्हा त्याला बाहेरचे काहीच दिसत नाही. त्याला टाकीचाच आतला भाग आणि त्यात कदाचित स्वतःच्या जातीचा, स्वतःच्याच आकाराचा एक मासा दिसतो.

हद्द राखणाऱ्या माशासाठी यापेक्षा वाईट शत्रू नाही. आपण धावलो की तोही धावतो. आपण पर फुलवले की तोही फुलवतो. तो कधी हरत नाही आणि कधी पळत नाही. बाहेरून काचेला साधा रंगीत कागद लावला तर प्रतिबिंब जात नाही, कारण परावर्तन काचेच्या कडेवरच होते. कागद काचेला ओलसर चिकटवून मधली हवा घालवली किंवा काचेला बाहेरून रंग दिला तर फरक पडतो. खोलीत थोडा उजेड ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे.

सगळेच मासे आरशातल्या माशाला शत्रूच समजतात काय? वर उल्लेख केलेल्या सफाई करणाऱ्या रास माशावर जपानच्या मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीला हे मासेही प्रतिबिंबावर धावले. काही दिवसांनी ते थांबले. मग त्यांच्या गळ्यावर, फक्त आरशातच दिसेल अशी, तपकिरी खूण केली तेव्हा त्यांनी आरशात पाहून गळा तळावर घासला. माशाला ‘मी’ कळतो असा याचा अर्थ घ्यायचा का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण मासा म्हणजे ठरावीक हालचालींचे यंत्र, ही जुनी समजूत आता टिकत नाही, एवढे निश्चित.

जेव्हा शांतता हीच धोक्याची खूण असते

चौथी तक्रार सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यात मासे मरतात आणि दोष दिसत नाही. भांडणे थांबली म्हणजे समेट झाला असे नव्हे. प्राणवायू कमी पडलेला मासा पाठलाग करत नाही; त्याला श्वासच पुरत नसतो.

पाण्यात प्राणवायू किती विरघळतो हे तापमान आणि क्षार या दोहोंवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. ३० अंशांना हे आकडे सुमारे ७.६ आणि ६.२ होतात. म्हणजे खारे पाणी मुळातच गरीब, आणि तापले की अधिक गरीब. उलट तापमान वाढले की माशाच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने चालतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. प्रवाळातील माशांना साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवते. मारेगाव-वणीकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४३-४५ अंशांवर जातो. दुपारी वीज गेली, पंप थांबला, खोली तापली की काही तासांत ही टाकी गुदमरू लागते.

दुसरी गोष्ट अमोनियाची. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. पाण्यात तो दोन रूपांत राहतो : अमोनियम आयन, जो त्या मानाने कमी घातक; आणि मुक्त अमोनिया, जो अत्यंत विषारी. यांचे प्रमाण पीएचवर ठरते. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला तर सुमारे ५ टक्के. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. क्षारांमुळे तेथे हे प्रमाण थोडे कमी भरते, पण कल तोच राहतो. म्हणजे जेवढ्या अमोनियात गोड्या पाण्यातला मासा निभावून नेईल, तेवढ्यात समुद्री मासा संकटात येतो. अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा यांसारखे जीवाणू दगडांवर आणि गाळणीत वसायला काही आठवडे लागतात. आज टाकी भरली आणि उद्या मासे सोडले की हे काम करायला कोणी नसते. भांडणे कमी करण्यासाठी गर्दी वाढवण्याचा उपाय येथे अंगाशी येतो.

तिसरी गोष्ट बाष्पीभवनाची. आपल्या ५४ लिटरच्या टाकीत दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने १८९० ग्रॅम क्षार आहेत. उन्हाळ्यात रोज एक लिटर पाणी उडाले आणि पाच दिवस लक्ष गेले नाही, तर ४९ लिटर पाण्यात तेवढेच क्षार उरतात. क्षारता ३५ वरून ३८.६ वर जाते. समुद्री माशाच्या शरीरातील द्रवांत क्षारांचे प्रमाण समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे परासरणाने माशाच्या शरीरातले पाणी सतत बाहेर जात असते. ते भरून काढायला तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारता वाढली की या कामाचा बोजा वाढतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने करायची नसते, बिनक्षाराच्या पाण्यानेच करायची असते. आणि घरचे मीठ पाण्यात घालून समुद्र तयार होत नाही. समुद्राच्या क्षारांत वजनाने क्लोराइड सुमारे ५५ टक्के आणि सोडियम ३१ टक्के असले, तरी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्यावाचून मासे जगत नाहीत.

मग भांडण आणि पाण्याचा बिघाड यांत फरक कसा ओळखायचा? एक साधा प्रश्न विचारावा : त्रास एकाला आहे की सर्वांना? एकच मासा कोपऱ्यात दडतो, त्याचे पर फाटलेले आहेत, बाकीचे नीट खातात, तर कारण बहुधा भांडण. सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले वेगाने हलतात, कोणी खात नाही, तर कारण पाणी. अंग दगडावर घासणारा मासा बहुधा परजीवींनी त्रासलेला असतो. रोगाचे निदान असो की वर्तनाचे, पहिली पायरी मोजणी हीच आहे.

शाळेत अशी टाकी असावी का?

वरील विवेचनातून उत्तर स्पष्ट होते. मारेगावसारख्या ठिकाणी शाळेच्या खोलीत, उन्हाळ्याच्या सुटीसह वर्षभर, समुद्री टाकी निभावणे फार खर्चिक आणि माशांच्या दृष्टीने धोक्याचे आहे. त्यात आणखी एक बाब आहे. व्यापारात येणारे प्रवाळातील मासे मोठ्या प्रमाणावर समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची घातक पद्धत चालत आली. तिने प्रवाळही मरतात. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते गोळा करणे हा गुन्हा ठरतो. जमेची बाजू अशी, की केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींची पैदास टाक्यांत करून दाखवली आहे. ज्यांना समुद्री मासे पाळायचेच आहेत त्यांनी अशा पैदाशीचेच मासे घ्यावेत.

पण जे शिकायचे आहे त्यासाठी समुद्राची गरज नाही. हद्द, वरचढपणा, प्रतिबिंबावरचा हल्ला, परासरण हे सगळे गोड्या पाण्यात आणि वर्गाच्या टेबलावर पाहता येते.

करून पाहा

१. फायटर मासा आणि आरसा : दुकानात मिळणारा एक नर फायटर मासा स्वतंत्र बरणीत ठेवावा. बरणीबाहेर लहान आरसा दोन मिनिटे धरावा. कल्ल्यांची झाकणे फुलवणे, पर ताणणे, आरशाकडे झेपावणे यांची प्रत्येक दहा सेकंदांनी नोंद करावी. हाच प्रयोग रोज एकदा, आठ दिवस करावा आणि आलेख काढावा. प्रतिसाद घटतो का? आरसा दोन मिनिटांहून जास्त वेळ ठेवू नये आणि दोन नर कधीही एकत्र सोडू नयेत.

२. पेल्यातील आरसा : काचेचा पेला पाण्याने भरून वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, त्याच्या बाजूच्या काचेकडे पाहावे. काच चंदेरी दिसेल आणि मागे धरलेले कोरडे बोट दिसणार नाही. बोट ओले करून काचेला दाबले की ते दिसू लागेल. का, ते मुलांना शोधू द्यावे. काचेला कागद ओलसर चिकटवायचा तो कशासाठी, हेही त्यातून कळेल.

३. बटाट्याच्या फोडी : एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे. सारख्या वजनाच्या बटाट्याच्या फोडी या पाण्यात आणि साध्या पाण्यात दोन तास ठेवून पुन्हा वजन करावे. समुद्री मासा पाणी का पितो आणि गोड्या पाण्यातला का पीत नाही, याचे उत्तर वजनकाट्यावर मिळेल.

४. तलावातील खड्डे : तिलापिया हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता अनेक तलावांत आढळतो. विणीच्या काळात नर उथळ तळाशी गोल खड्डा करतो आणि त्यावर पहारा देतो. पाणी नितळ असेल तेथे काठावरून, मोठ्या माणसाच्या सोबतीने, दोन खड्ड्यांमधील अंतराचा अंदाज घ्यावा. नर कोणाचा पाठलाग करतो आणि कोठून माघारी फिरतो, तेही टिपावे. हद्दीची सीमा तेथेच आहे.

प्रयोग झाल्यावर फायटर किंवा गप्पी असे पाळीव मासे नाल्यात अथवा तलावात सोडू नयेत. तिलापियाने अनेक ठिकाणी स्थानिक माशांची जागा घेतली आहे. त्यात आणखी भर नको.

नोंदवहीबद्दल एक सूचना. ‘हा मासा भांडखोर आहे’ असे विद्यार्थ्यांना लिहू देऊ नये. ‘या माशाने दहा मिनिटांत सात वेळा पाठलाग केला, त्यांपैकी सहा वेळा दुसरा मासा कपारीजवळ आला होता’ असे लिहायला सांगावे. पहिल्या वाक्यानंतर विचारण्याजोगे काही उरत नाही. दुसऱ्या वाक्यानंतर टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चारही प्रश्न विचारता येतात : हे वर्तन आत्ता कशामुळे सुरू झाले? माशाच्या आयुष्यात ते कसे घडत गेले? त्याचा त्याला उपयोग काय? आणि उत्क्रांतीत ते कोठून आले? निळ्या डॅमसेलच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाच्या उत्तराने टाकीची लांबी-रुंदी मोजावी लागते, आणि दोष माशाचा नसून पेटीच्या मापाचा आहे हे कळते. वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘भांडखोर’ म्हणण्यापूर्वीही हीच नोंदवही उपयोगी पडावी, असे आम्हांला वाटते.